दंडसमता : एकाच वधाचे अनेक दंड

एका माणसाने दुसऱ्या माणसाचा जाणूनबुजून जीव घेणे हा गुन्हा सर्व समाजांनी मानला आहे. त्याचा दंड मात्र सर्वत्र आणि सर्व काळी सारखा राहिलेला नाही. राज्याची सीमा ओलांडली की दंड बदलतो, हे आपण आजच्या जगात पाहतोच. भारताच्या इतिहासात यापेक्षा निराळी अशी एक सीमा होती व ती माणसाच्या जन्मावरून जात असे. एकाच नगरात, एकाच राजाच्या अंमलाखाली, मारणारा कोण आणि मरणारा कोण हे पाहून वधाचा दंड ठरत असे. या सीमेविरुद्ध पहिला राजकीय आदेश एका बौद्ध सम्राटाने शिळेवर कोरला. त्या आदेशाचा अर्थ नीट समजून घेणे आणि तो आज आपल्याकडून काय मागतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वधाचे मोल

प्रथम धर्मसूत्रांकडे वळू. आपस्तंब आणि बौधायन या दोन्ही धर्मसूत्रांत वधाबद्दल द्यावयाच्या गाईंची संख्या सांगितली आहे. क्षत्रियाचा वध झाल्यास १,००० गाई, वैश्याचा झाल्यास १०० आणि शूद्राचा झाल्यास केवळ १०. प्रत्येक वेळी त्यावर एक बैल. ब्राह्मणाचा वध या हिशेबात बसत नाही. बौधायनाच्या मते इतर वर्णांतील माणसाने ब्राह्मणाला मारले तर त्याला देहान्त शासन आणि सर्वस्वहरण. उलट ब्राह्मण मात्र कोणत्याही अपराधासाठी अवध्य, त्याच्या कपाळी डाग देऊन त्याला राज्याबाहेर घालवावे.

येथे एका गोष्टीची नोंद करणे न्यायाचे होईल. माणसाच्या दर्जाप्रमाणे त्याच्या जिवाचे मोल ठरविण्याची रीत केवळ भारतातच होती असे नाही. जुन्या इंग्लंडमधील वेसेक्सच्या कायद्यात उमरावाच्या वधाची भरपाई १,२०० शिलिंग, तर सामान्य शेतकऱ्याच्या वधाची २०० शिलिंग होती. हम्मुराबीच्या कायद्यातही स्वतंत्र माणूस आणि गुलाम यांच्यासाठी दंडाचे मान वेगवेगळे होते. मग भारतीय व्यवस्थेचे वेगळेपण कशात आहे? वेसेक्सच्या कायद्यानुसार एखाद्या शेतकऱ्याने पुरेशी जमीन मिळविली, तर त्याच्या जिवाचे मोल वाढू शकत होते. भारतात दर्जा जन्माने ठरला होता आणि त्याला धर्माज्ञेचे रूप दिले गेल्यामुळे तो राजाच्याही हातात राहिला नाही.

मनुस्मृतीने ही चौकट अधिक घट्ट केली. तिच्या ११ व्या अध्यायात ब्राह्मणहत्येच्या प्रायश्चित्ताचा चौथा भाग क्षत्रियाच्या वधासाठी, आठवा भाग वैश्याच्या वधासाठी आणि सोळावा भाग शूद्राच्या वधासाठी सांगितला आहे. त्याच अध्यायात मांजर, मुंगूस, बेडूक, कुत्रा, घुबड, कावळा यांना मारण्याचे प्रायश्चित्त शूद्रहत्येच्या प्रायश्चित्ताएवढेच मानले आहे. ८ व्या अध्यायात ब्राह्मणाला देहान्त शासनाच्या जागी मुंडण सांगितले असून, त्याने कोणतेही पाप केले असले तरी त्याला धनासह, शरीराला इजा न करता राज्याबाहेर पाठवावे असा आदेश आहे. प्रायश्चित्त आणि राजदंड या दोन वेगळ्या बाबी आहेत, असा आक्षेप काही पंडित घेतात. तो तांत्रिक दृष्ट्या बरोबर आहे. परंतु दोन्हीकडे मोजपट्टी एकच, वर्णाची, आहे ही गोष्ट त्या आक्षेपाने लपत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जो ग्रंथ जाळला गेला, त्याच्या पानांत माणसाच्या जिवाचा हा हिशेबही होता.

कौटिल्याचा अर्थशास्त्र हा ग्रंथ व्यवहारी आहे. भांडणात माणूस जागीच मारला गेला तर क्लेशपूर्वक देहान्त, जखमी माणूस सात दिवसांच्या आत मेला तर क्लेशरहित देहान्त, पंधरवड्यात मेला तर सर्वोच्च श्रेणीचा द्रव्यदंड आणि महिन्याच्या आत मेला तर ५०० पण आणि उपचाराचा खर्च, अशी श्रेणी त्यात आहे. ही श्रेणी कृत्य आणि त्याचा परिणाम यांवर आधारलेली असल्याने विचाराच्या दृष्टीने पुढची म्हणावी लागेल. परंतु ब्राह्मणाचा प्रश्न येताच कौटिल्यही थांबतो. ब्राह्मणाला यातना देऊ नयेत. त्याने मनुष्यवध केला तर त्याच्या कपाळावर शिरविरहित धडाची खूण डागावी आणि त्याला हद्दपार करावे किंवा खाणीत ठेवावे, असे तो सांगतो.

पाली साहित्याची साक्ष

याच प्रश्नाला पाली साहित्यात कसे उत्तर मिळते ते आता पाहू. विनयपिटकातील तिसरे पाराजिक मनुष्यवधासंबंधी आहे. वेसालीच्या महावनातील कूटागारशाळेत घडलेल्या दुःखद प्रसंगानंतर हा नियम घालून देण्यात आला. जो भिक्खू जाणूनबुजून माणसाचा जीव घेतो, घेववितो किंवा मरणास प्रवृत्त करतो, तो संघात राहण्यास अपात्र ठरतो. या नियमाच्या पदभाजनात ‘मनुस्सविग्गह’ म्हणजे कोण, याची व्याख्या दिली आहे. मातेच्या उदरात प्रथम विज्ञान प्रकट होते तेथपासून मरणापर्यंत जो आहे, तो मनुष्य. या व्याख्येत वर्ण नाही, गोत्र नाही, स्त्री-पुरुष हा भेद नाही. माणसाच्या जिवाची मोजणी जन्माच्याही आधीपासून सुरू केली आणि तरीही जन्माने ठरणारा दर्जा तीत येऊ दिला नाही, ही गोष्ट अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

विनयात भेद आहेत, पण ते वेगळ्या तत्त्वावर आहेत. कोणीही पडून मरावे अशा बुद्धीने भिक्खूने खड्डा खणला आणि त्यात माणूस पडून मेला, तर पाराजिक. पशू पडून मेला, तर पाचित्तिय. हेतू नसताना, नकळत मृत्यू घडला, तर आपत्ती नाही. म्हणजे मनात काय होते आणि कोणाचा जीव गेला, माणसाचा की इतर प्राण्याचा, एवढेच विचारले जाते. शूद्र आणि बेडूक यांना एका ओळीत बसविणाऱ्या शास्त्राशेजारी हे पदभाजन ठेवून वाचले म्हणजे दोन परंपरांतील अंतर समजते.

मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात तथागतांनी तरुण ब्राह्मणाला विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे. प्राणघात करणारा क्षत्रिय, वैश्य किंवा शूद्र दुर्गतीस जातो आणि ब्राह्मण मात्र जात नाही, असे काही आहे काय? अस्सलायनाला नाही म्हणावे लागले. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याच निकायातील माधुरियसुत्त अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्यात परलोकाबरोबर राजाच्या न्यायासनाचाही प्रश्न आला आहे. महाकच्चान स्थविर मथुरेच्या अवन्तिपुत्त राजाला विचारतात की, एखाद्या क्षत्रियाने घरफोडी केली, लूट केली, वाटमारी केली आणि तुझ्या माणसांनी त्याला पकडून आणले, तर तू काय करशील? राजा उत्तरतो की, अपराधानुसार त्याला देहान्त शासन देईन, द्रव्यदंड करीन किंवा हद्दपार करीन. कारण त्याची ‘क्षत्रिय’ ही पूर्वीची संज्ञा लोपली आहे, आता तो ‘चोर’ याच नावाने ओळखला जातो. ब्राह्मण, वैश्य आणि शूद्र यांच्याबद्दल विचारले असतानाही राजा हेच उत्तर देतो. गुन्हा घडल्याक्षणी जन्माचे नाव गळून पडते आणि माणूस केवळ त्याच्या कृत्याने ओळखला जातो, हे तत्त्व येथे एका राजाच्या तोंडून आले आहे. कायद्यापुढील समानता हा विचार पाश्चात्त्यांकडून आला असे मानणाऱ्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे.

संघाने मात्र स्वतःला राजदंडापासून पळण्याची वाट बनू दिले नाही, हेही सांगितले पाहिजे. अंगुलिमालाला प्रव्रज्या मिळाली. परंतु त्याला पाहून लोक भयभीत झाले, तेव्हा कुप्रसिद्ध दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम महावग्गात घालण्यात आला. कारागृह फोडून पळालेल्यालाही तीच मनाई झाली. करुणा आणि समाजाची सुरक्षितता या दोहोंचा विचार विनयाने एकत्र केला होता.

लजूकांचे स्वातंत्र्य आणि समतेचा आदेश

या विचाराला राजशासनाचे रूप मिळाले ते सम्राट अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखात. राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरलेला हा लेख दिल्ली-तोपरा, दिल्ली-मेरठ, लौरिया-अरराज, लौरिया-नंदनगढ, रामपुरवा आणि अलाहाबाद येथील स्तंभांवर आढळतो. लाखो प्रजाजनांवर नेमलेल्या लजूक नावाच्या अधिकाऱ्यांना न्यायदानात आणि दंड देण्यात आपण स्वातंत्र्य दिले आहे, असे सम्राट त्यात सांगतात. सुजाण दाईच्या हाती मूल सोपवून माणूस निश्चिंत होतो, त्याप्रमाणे प्रजा लजूकांच्या हाती सोपविली आहे, असा दृष्टान्तही ते देतात. यानंतर लगेच ‘वियोहालसमता’ आणि ‘दंडसमता’ हे दोन शब्द येतात. म्हणजे न्यायालयीन व्यवहारात समता असावी आणि दंडातही समता असावी.

या दोन शब्दांच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काहींच्या मते यात ब्राह्मणांचे विशेषाधिकार रद्द केले गेले. इतरांच्या मते वेगवेगळ्या प्रांतांत न्यायाची पद्धत एकसारखी असावी एवढाच त्यांचा अर्थ आहे. आम्हांस असे वाटते की, या दोन अर्थांत मानला जातो तितका विरोध नाही. लजूकांना स्वातंत्र्य दिले की प्रत्येक प्रांताचे स्वतंत्र न्यायक्षेत्र तयार होते आणि तेथील रूढीप्रमाणे दंड ठरण्याची शक्यता निर्माण होते. त्या काळी रूढी म्हणजे प्रामुख्याने वर्णाची रूढी. तेव्हा प्रांताप्रांतांतील विषमता दूर करावयाची, तर दंडाची मोजपट्टी वर्णाच्या बाहेर शोधणे भाग होते. अधिकार वाटून द्यावा, पण माणसाचे मोल वाटून देऊ नये, असा या आदेशाचा आशय आहे.

अशोकाने देहान्त शासन रद्द केले होते काय? याच लेखात बंधनात असलेल्या आणि वधाची शिक्षा झालेल्या लोकांना तीन दिवसांची सवलत दिली आहे. के. आर. नॉर्मन यांनी १९७५ साली येथील ‘वध’ म्हणजे मारहाण, मृत्युदंड नव्हे, असा अर्थ सुचविला होता. परंतु या मुदतीत नातलगांनी त्यांच्या जिवासाठी रदबदली करावी, आणि कोणी नसेल तर त्यांनी परलोकासाठी दान किंवा उपवास करावा, असे लेखातच पुढे म्हटले आहे. यावरून मृत्युदंड चालू होता असे मानणेच आम्हांस सयुक्तिक वाटते. पाचव्या स्तंभलेखात २६ वर्षांत २५ वेळा बंदी मुक्त केल्याची नोंद आहे. फाशी बंद केल्याची नाही. श्रद्धेपोटी पुराव्याला ओढून ताणून अर्थ लावण्याची गरज नाही. अशोकाने मृत्युदंड ठेवला, पण तो देताना जन्म पाहू नये असे बजावले आणि दंड व मृत्यू यांच्यामध्ये तीन दिवसांचा विचारकाळ ठेवला. त्या युगात हे लहान पाऊल नव्हते.

पेशवाईपासून दंडसंहितेपर्यंत

मौर्यांनंतर ही समता टिकली नाही. पेशवाईच्या शेवटी परिस्थिती काय होती, याची माहिती एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात मिळते. ब्राह्मण कैद्याला उघडपणे देहान्त शासन देता येत नसल्याने त्याला विष देत किंवा पीठ आणि मीठ समभाग घेऊन केलेल्या भाकरीसारखे अपायकारक अन्न देऊन संपवीत, असे त्याने नोंदविले आहे. म्हणजे अवध्यता हा करुणेचा नियम नव्हता. तो दर्जाचा नियम होता. जीव जाई, फक्त त्याला शिक्षा असे नाव मिळत नसे.

ईस्ट इंडिया कंपनीनेही आरंभी या दर्जाला मान दिला. १७९५ च्या रेग्युलेशनने बनारस प्रांतातील ब्राह्मणांना मृत्युदंडातून वगळून त्याऐवजी काळ्या पाण्याची शिक्षा ठेवली. १८१७ साली ही सवलत रद्द झाली. विशेष म्हणजे त्याच कंपनीच्या राज्यात, कलकत्त्यात, ५ ऑगस्ट १७७५ रोजी नंदकुमार या ब्राह्मणाला इंग्रजी कायद्याखाली खोट्या दस्तऐवजाच्या आरोपावरून फाशी झाली होती. एकाच सत्तेखाली कलकत्त्यात खोट्या कागदासाठी ब्राह्मण फासावर जातो आणि काशीत खुनासाठीही जात नाही, हे न्यायक्षेत्रांच्या भिन्नतेचे बोलके उदाहरण आहे.

१८६० ची भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३०२ व्या कलमात खुनासाठी मृत्युदंड किंवा आजन्म शिक्षा सांगितली होती आणि त्यात जातीचा उल्लेख नव्हता. याच सुमारास सीमेपलीकडे, तथागतांची जन्मभूमी लुंबिनी ज्या राज्यात आहे त्या नेपाळात, जंगबहादूर राणाने १८५४ साली मुलुकी ऐन जारी केला होता. त्यात ब्राह्मण आणि स्त्रिया यांना मृत्युदंडातून वगळले होते. ब्राह्मणाचे मुंडण करून त्याला जातीतून खाली उतरविणे ही त्याची शिक्षा. ही जातिनिष्ठ चौकट नेपाळच्या कायद्यातून १९६३ साली गेली आणि १९९० च्या संविधानाने मृत्युदंडाची तरतूद करणाऱ्या कायद्यालाच मनाई केली. पूर्वी काहींना मिळालेले अभय आता सर्वांना मिळाले. समता आणण्याचा हाही एक मार्ग आहे.

बौद्ध देशांतील स्थिती

बौद्ध देशांत तरी एकवाक्यता आहे काय, असे वाचक विचारतील. ती नाही. भूतानने २००४ साली मृत्युदंड रद्द केला आणि २००८ च्या संविधानात तशी तरतूद केली. कंबोडियाच्या १९९३ च्या संविधानातही मृत्युदंडाला जागा नाही. थायलंडमध्ये मात्र जवळजवळ नऊ वर्षांच्या खंडानंतर २०१८ साली एका खुनी कैद्याला मृत्युदंड देण्यात आला. श्रीलंकेचे उदाहरण विचार करावयास लावणारे आहे. तेथे १९५८ च्या कायद्याने मृत्युदंड स्थगित झाला होता. सप्टेंबर १९५९ मध्ये पंतप्रधान बंदरनायके यांचा खून झाला आणि गोळ्या झाडणारा चीवरधारी भिक्खू होता. देश हादरला, स्थगिती उठली आणि १९६२ साली मारेकऱ्याला फाशी झाली. पुढे १९७६ नंतर तेथे कोणालाही फाशी दिलेली नाही. यावरून एवढेच दिसते की, धम्म मानणारा देशही संतापाच्या क्षणी आपला कायदा बदलतो आणि शांत झाल्यावर पुन्हा हात आखडता घेतो.

बाबासाहेबांचे मत आणि आपली मागणी

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलाची चर्चा चालू असताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले मत स्पष्ट केले. अपिलाच्या तरतुदीपेक्षा देहान्त शासनच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे, कारण हा देश आचरणात कमी पडत असला तरी अहिंसेला नैतिक आदेश मानतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. धम्मदीक्षेच्या सात वर्षे आधीचे हे मत आहे.

यानंतरच्या काळात कायदा त्या दिशेने थोडा सरकला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार फाशी न दिल्यास न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. १९५५ च्या दुरुस्तीने ते बंधन काढले आणि १९७३ च्या संहितेने उलट, फाशी द्यावयाची तर विशेष कारणे लिहिण्याचे बंधन घातले. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने मृत्युदंड दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणांपुरता ठेवला. तरीही २०१५ साली विधी आयोगाने आपल्या २६२ व्या अहवालात या कसोटीचा वापर मनमानी पद्धतीने होत असल्याचे नमूद करून, दहशतवादाशी संबंधित गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कैदी आर्थिक दृष्ट्या दुर्बल होते. जन्माची मोजपट्टी कायद्याच्या पुस्तकातून गेली, पण फाशीच्या कोठडीतून ती पूर्णपणे गेली असे म्हणता येत नाही.

आता आपल्याच घराशी येऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली. दोन्ही न्यायालयांनी या हत्याकांडास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. त्या काळात आपल्या वस्त्यांमधून निघालेल्या मोर्चांत फाशीची मागणी सर्वांत मोठ्या आवाजात होत होती, आणि फाशी रद्द झाली तेव्हा आपला पराभव झाला असे अनेकांना वाटले. आम्हांलाही त्या वेळी तसेच वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

आज शांतपणे विचार करता वाटते की, आपण दुःख चुकीच्या ठिकाणी मोजले. दोर गेला ही खरी हानी नव्हती. मेलेली माणसे त्यांच्या जन्मामुळे मारली गेली हे न्यायासनाने नोंदविले नाही, ही खरी हानी होती. अवन्तिपुत्त राजाने मारणाऱ्याचा जन्म बाजूला ठेवला, ते दंड समान व्हावा म्हणून. परंतु गुन्ह्याचा हेतूच जर जातीचा असेल, तर तो हेतू बाजूला ठेवणे म्हणजे समता नव्हे. विनय हेतू विचारतो. न्यायालयानेही तो विचारला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०३ व्या कलमात, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, लिंग, भाषा इत्यादी कारणांवरून केलेल्या खुनाची वेगळी नोंद आहे. तेथेही मृत्युदंड कायम आहे. त्या नोंदीचा उपयोग कसा होतो, तपासात जातीचा हेतू लिहिला जातो की पहिल्याच पंचनाम्यात पुसला जातो, याकडे आपल्या कार्यकर्त्यांनी आणि वकिलांनी लक्ष ठेवणे हे फाशीच्या घोषणेपेक्षा अधिक कष्टाचे आणि अधिक फलदायी काम आहे.

दहा गाई आणि हजार गाई यांच्यातील अंतर मिटविण्याची मागणी ही आपली परंपरा आहे. ते अंतर मिटण्यासाठी कोणाला तरी फासावर चढवावेच लागते, असे ना विनय सांगतो, ना बाबासाहेब. आपल्या माणसाचा जीव गेला असता तपास तितक्याच तत्परतेने व्हावा, हेतू तितक्याच प्रामाणिकपणे नोंदला जावा आणि शिक्षा इतर कोणाच्याही जिवासाठी जी झाली असती तीच व्हावी. चौथ्या स्तंभलेखातील दंडसमतेचा हा अर्थ आम्ही घेतो, आणि आपल्या सभांतून व निवेदनांतून याच अर्थाची मागणी पुढे यावी असे आम्हांस वाटते.